तिसऱ्या लायनरचा थेंब

ट्रकचं पाणी रोज कमी होत होतं आणि बाहेर एक थेंबही सांडत नव्हता. रेडिएटर कोरडा, पाइप कोरडे, खालची जमीन ठणठणीत. म्हणजे पाणी इंजिनाच्या पोटातच कुठेतरी मुरत होतं. सगळं घर याच एका ट्रकवर जगायचं, आणि इंजिन गेलं तर दुसरा घ्यायची ऐपत सात जन्मांत नव्हती. ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागला होता.

सख्खा मामाच मेकॅनिक, एवढं एक नशीब. हाताने सावकाश आणि तोंडाने फटकळ असा माणूस. त्याने आधी रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू करायला लावलं. पाण्यात बुडबुडे आले असते तर वरचं गॅस्केट फाटलं म्हणायचं, आणि थोडक्यात सुटका झाली असती. आपलं गॅस्केट फाटलेलं निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ ड्रायव्हरवर पहिल्यांदाच आली. एकही बुडबुडा आला नाही.

इंजिन गार झाल्यावर ऑइल काढलं, ते दुधाळ निघालं. म्हणजे पाणी ऑइलमध्येच उतरत होतं. मामाने इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवला, रेडिएटरला हातपंप लावून दाब भरला आणि भाच्याला टॉर्च देऊन गाडीखाली घातलं. ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते लायनर. त्याच्या बाहेरून पाणी ओघळलं तर नुसती रबराची रिंग गेली. आतून ओघळलं तर लायनरलाच भोक पडलं, असं त्याने बजावलं.

ड्रायव्हर उताणा पडून वाट बघत राहिला. मान आखडली, गालावर ऑइल ठिबकलं. बाहेरून ये रे बाबा, बाहेरून, असं तो पुटपुटत होता. तिसऱ्या लायनरच्या आतल्या अंगाला एक थेंब फुगला आणि खाली पडला. त्याने फडक्याने पुसून घेतलं. थेंब पुन्हा तिथेच आला.

मामा खाली सरकला, बोट फिरवून त्याने खात्री केली. "कूलंटऐवजी नुसतं पाणी घातलंय कोणीतरी, तेही वर्षानुवर्षं. पाण्याच्या बाजूने गंजून खाल्लंय सगळं. एक गेलं म्हणजे बाकीची पाचही त्याच वाटेवर. कुठल्या गाढवाने घातलं रे?"

ड्रायव्हरच्या तोंडात शिवी तयार होती, कोणाला द्यायची तेवढंच ठरायचं होतं. तेवढ्यात त्याला टायरपलीकडे वडिलांचे, आबांचे पाय दिसले.

हात थरथरायला लागल्यापासून आबांचं स्टिअरिंग सुटलं होतं. रोज सकाळी गाडीत पाणी बघणं, एवढं एकच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं आणि त्याला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्यांच्या काळच्या गाड्या पाण्यावरच चालल्या. ते काय भरतात, हे घरात कधी कोणी विचारलं नव्हतं.

"दाजी, तुम्ही इथे?" मामाने जीभ चावली.

आबा टायरला धरून कसेबसे खाली वाकले. त्यांनी मामाकडे बघितलंच नाही, मुलाकडे बघितलं.

"पिण्याचंच घालत होतो रे मी," ते म्हणाले. "रोज, गाळून."