खालची दोन टिंबं

मी पेन बोलतोय. काही जण मला ‘ते पेन’ म्हणतात, काही ‘तो पेन’; व्याकरणवाल्यांनी आपसात काय ते मिटवावं. निळ्या शाईचा, टोपणाचा, अगदी साधा बॉलपेन आहे मी. टोपणाची क्लिप मोडलीय आणि शेपटाकडे दातांच्या खुणा आहेत. दात कुणाचे ते पुढे येईलच.

जन्म कारखान्यातला, त्यातलं फारसं आठवत नाही. एका पाकिटात आम्ही पाच भाऊ होतो. चौघे वर्षभरातच ‘जरा पेन देता का, दोन मिनिटं’ यात गेले. माणसं उसनी साखर आठवणीने परत करतात, पेन काही करत नाहीत. मी वाचलो तो आमच्या बाईंच्या शिस्तीमुळे. कुणी पेन मागितला की बाई टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवायच्या आणि मग मला द्यायच्या. उघडा पेन कोण खिशात घालणार? डागाच्या भीतीने मी मुकाट्याने परत यायचो.

आमच्या बाई शिवणकाम करतात. तेव्हा माझं रोजचं काम म्हणजे गिऱ्हाइकांची मापं लिहिणं. छाती, कंबर, बाही, मुंढा. काही गिऱ्हाइकं माप देताना श्वास आत ओढून धरायची. बाई गुपचूप दोन बोटं जास्त लिहायला लावायच्या. अशी पुष्कळ गुपितं माझ्या पोटात आहेत.

मग बाईंच्या नवऱ्याला परदेशात लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं. तो पुढे गेला आणि वर्षाने बाईंनी जायचं ठरलं. पासपोर्टच्या कागदावर सही केली ती मीच. तोवर सही अशी बाईंना नव्हतीच, लागेल तिथे नाव लिहायच्या. खिडकीतला माणूस म्हणाला, “बाई, कशीही करा, पण एकदा केलीत की जन्मभर तीच.” बाईंनी क्षणभर मला चावलं (हेच ते दात) आणि मग मला एका दमात फिरवलं. आपल्या नावाचं पहिलं अक्षर, नवऱ्याच्या नावाचं एक, मग अख्खं आडनाव, त्यावर लांबलचक रेघ आणि खाली दोन टिंबं. टिंबं कशाला, ते काही मला उमगलं नाही. पेनाला विचारतो कोण?

नव्या देशात आल्यावर महिन्याभरात बाईंना काम लागलं. नवरीचे कपडे बेतून-आवळून देणारा एक कारखाना होता, बारा मशिनींचा. मालकिणीने बाईंकडून एक बाही उसवून घेतली, परत बसवून घेतली, आतली शिवण उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, “सोमवारपासून या. पण शुक्रवारपर्यंत बँकेच्या खात्याचा नंबर आणा. खातं तुमच्याच नावाचं हवं. नाहीतर मशीन रिकामी ठेवता येणार नाही, पुढच्या बाईला देईन.” तिथली भाषा बाईंना मोडकीतोडकी यायची, पण एवढं मात्र सगळं कळलं.

घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, “अगं, माझं खातं आहे की. त्यातच येऊ दे.”

“अहो, त्यांना माझ्या नावाचं हवंय.” मग म्हणाल्या, “आणि मलाही हवंय.”

नवऱ्याने मान हलवली. माणूस लाख चांगला, पण सल्ला देण्याची भारी हौस. “मग सहीचं बघ. इथे तुझी ती मराठी सही कोण वाचणार? हसं होईल. झोकात इंग्रजी सही कर.”

झालं. त्या दिवसापासून माझ्या नशिबी घाण्याचा बैल होणं आलं. कपडा बेतायच्या कागदाच्या मागच्या बाजूला बाई इंग्रजी सह्या गिरवत बसल्या. सकाळी भाजी शिजेपर्यंत दहा, दुपारी दहा. एक गोल, एक तिरकी, एक शेवटी धापा टाकणारी. नवरा कामावरून आला की लाल रंगाच्या खडूने एखादीवर बरोबरची खूण करायचा, जणू मास्तरच. “ही बघ, ही फर्डी आहे.” बाई ती परत काढायला जायच्या आणि भलतीच निघायची. मला चक्कर यायची. त्या हाताची चाल मला पाठ होती हो. अक्षर काढायचं आणि शेवटी वर रेघ ओढायची. इथे तर हात रेघेसाठी वर उचलला जायचा आणि तसाच हवेत थांबायचा.

बँकेत पहिल्या खेपेला, बुधवारी, पत्त्याचा कागद नाही म्हणून परत पाठवलं. विजेचं बिल नवऱ्याच्या नावाचं होतं. गुरुवारी घरमालकाकडून चिठ्ठी आणली. शुक्रवारी बाई एकट्याच गेल्या, कारण नवऱ्याला रजा नव्हती. जाताना तो दारातून म्हणाला, “घाबरू नकोस, हात सैल सोड.” हे तो लिफ्टच्या तारांनाही सांगत असेल.

बँक म्हणजे काचा, खुर्च्या आणि नंबरची चिठ्ठी. शेजारच्या म्हाताऱ्याने खुणेने पेन मागितला. बाईंनी टोपण मुठीत धरून मला दिलं. म्हातारा लिहून झाल्यावर टोपण शोधत खुर्चीखाली वाकला. बाईंनी मूठ उघडून दाखवली तेव्हा तो इतका हसला की पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. बाई लाजल्या. मला मात्र अभिमान वाटला.

नंबर आला. काउंटरवर पन्नाशीची, दोरीचा चष्मा गळ्यात असलेली बाई होती. आपण तिला चष्मेवाली म्हणू. कागद सगळे जुळले. मग तिने एक कार्ड पुढे सरकवलं. “तीन चौकटी आहेत. तिन्हींत सही करा. सारखी.”

बाईंनी हात सैल सोडला. पहिली सही गोल आली. दुसरी तिरकी. तिसरी धापा टाकत चौकटीबाहेर गेली.

चष्मेवालीने चष्मा लावला. “या तिघी कोण?”

बाई हसल्या नाहीत. नवं कार्ड आलं. बाईंनी मला इतकं दाबून धरलं की पहिल्याच अक्षराला कागद फाटायला आला. त्याही तिघी एकमेकींना ओळख दाखवेनात. भिंतीवरच्या घड्याळात बँक बंद व्हायला वीस मिनिटं होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी त्या मशिनीवर दुसरीच कुणीतरी बसलेली त्यांना दिसायला लागली असणार. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपल्याला तोंड असतं तर बरं झालं असतं. ओरडून सांगितलं असतं, बाई, नवऱ्याचं ऐकू नका, तुमच्या हाताचं ऐका.

चष्मेवालीने पासपोर्ट उघडून काउंटरवर ठेवला आणि सहीवर बोट टेकवलं. “हे काय आहे?”

“सही,” बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “माझ्या भाषेत. इथे चालणार नाही ना?”

“अहो, मला हीच तर हवीय. पासपोर्टशी जुळायला नको का?”

बाईंनी पासपोर्ट जवळ ओढला. तीन दिवसांची मेहनत, चार हात कागद आणि माझी निम्मी शाई पाण्यात गेली होती. मग त्यांनी पदराला नाही, बाहीला डोळे पुसले आणि मला धरलं. ती पकड मला ओळखीची होती. पहिलं अक्षर, नवऱ्याचं अक्षर, आडनाव, वर रेघ, खाली दोन टिंबं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी नुसता वाहत गेलो. तिन्ही सह्या जुळ्यांना लाजवतील अशा आल्या.

चष्मेवालीला मजा वाटली. “ही वरची रेघ शेवटी का काढता?”

बाईंनी शब्द शोधले. “दोरी. अक्षरं म्हणजे कपडे. वाळत घातलेले.”

“आणि खालचे हे दोन ठिपके?”

बाईंनी टिंबांवर बोट ठेवलं. “ते माझ्या वडिलांचे. त्यांच्या सहीखाली असायचे. ते गेले. म्हणून मी घेतले.”

बघा, इतकी वर्षं मी त्यांच्या हातात, आणि मला हे तिथे कळलं. चष्मेवालीने शिक्का मारला, मला उचलून उरलेल्या दोन ओळी भरल्या आणि खात्याचा नंबर छापलेला कागद बाईंच्या हातात दिला. बाई तो छातीशी धरून निघाल्या त्या थेट दाराबाहेर. आणि मी राहिलो की काउंटरवर.

दार बंद झालं. माझं तर धाबं दणाणलं. चौघा भावांच्या वाटेने आता आपणही, असं वाटलं. चष्मेवालीने मला पुन्हा उचललं, एका कपट्यावर स्वतःचं नाव लिहिलं, त्यावर हळूच एक रेघ ओढली आणि मान तिरकी करून बघत बसली. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर आमच्या बाई उभ्या होत्या. बोलायला शब्द आठवेनात, म्हणून मूठ उघडून त्यांनी टोपण काचेला लावलं होतं.

चष्मेवाली दार उघडून स्वतः मला द्यायला आली. सोबत तो कपटाही दिला. “माझे कपडे नीट वाळतायत का, सांगा,” म्हणाली.

“रेघ थोडी लांब हवी,” बाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

घरी नवऱ्याने विचारलं, “कुठली केलीस शेवटी? ती फर्डीच ना?” बाई म्हणाल्या, “हो, फर्डीच.” खरं काय ते पुढे आठवड्याने सांगितलं, तेव्हा तो इतका ओशाळला की दोन दिवस कुणाला सल्ला दिला नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. माझी शाई संपली आणि माझ्या मापाची शाईची कांडी या देशात मिळत नाही. पण बाईंनी मला टाकलं नाही. कारखान्यात कॉलर शिवून उलटवली की कोपरा टोकदार निघावा म्हणून आतून मला ढकलतात. कात्रीने कापड फाटतं, माझ्या टोकाने नाही. म्हातारपणी नोकरी मिळालेला पेन तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

सह्या आता एक नवा पेन करतो. बँकेनेच फुकट दिलेला, चकचकीत, जरा शिष्ट आहे. परवा डब्यात माझ्या शेजारी पडल्या पडल्या कुरकुरत होता, “सही झाल्यावर पुन्हा खाली उतरून ती दोन टिंबं कशाला? एवढी शाई वाया.”

मी म्हटलं, “पोरा, सगळं विसरलास तरी चालेल. ती तेवढी काढायला विसरू नकोस. त्या टिंबांत एक माणूस आहे.”