तिथं काही नाही

इझाबेल बेटावरच्या त्या गावात एखादा म्हातारा कुठल्या जागेबद्दल 'तिथं काही नाही' म्हणाला, की शेंबड्या पोरालाही कळतं, तिथं फार काही आहे. पूर्वजांच्या कवट्या आहेत, फांदीसुद्धा मोडायची नाही. अशा जागेचं नाव परक्याच्या कानी गेलं की जागा मेली. एवढ्या एका वाक्यावर डोंगरामागचं रान पिढ्यान्‌पिढ्या उभं होतं. चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडं, आणि ढोल्यांतून धनेश पक्ष्यांची घरटी.

त्या रानाचं नाव ठाऊक असलेला एकटा मानेरोगो उरला होता. त्याच्यामागे ते भाचीला, रोझलिनला मिळायचं होतं.

लाकूड कंपनी आली, तेव्हा आधी नकाशा घेऊन एक अधिकारी आला. माणूस भला होता, पण दुसऱ्या बेटावरचा. सभाघरात नकाशा पसरून म्हणाला, "जिथं तोडायचं नाही तिथं नुसतं बोट ठेवा. मी लाल फुली मारतो." कुणी आपली विहीर दाखवली, कुणी बाग.

"आणि आजोबा, या डोंगरामागं काय आहे?"

मानेरोगोनं तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली. "तिथं काही नाही."

सगळे माना खाली घालून बसले. त्यांना वाटलं, साहेबाला कळलं.

रोझलिन कुजबुजली, "मामा, अहो तो आपल्यातला नाही. नाव नका सांगू, पण बोट तरी ठेवा!"

"गप गं. चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवतेस? बोट दाखवणं म्हणजे सांगणंच."

रोझलिनचा हात नकाशाकडे निघाला होता. मामाच्या देखत भाचीनं पुढं होणं बरं दिसत नाही, म्हणून तिनं तो मांडीवर दाबून धरला. त्या हाताचा तिला आजही राग येतो. अधिकाऱ्यानं 'काही नाही' असं लिहून घेतलं आणि आभार मानले.

चार महिन्यांनी डोंगरामागून यंत्राची घरघर आली. दोघं धावत पोचली तोवर निम्मं रान आडवं झालं होतं, आणि धनेशांची एक जोडी नुसती घिरट्या घालत होती.

मानेरोगो बुलडोझरपुढे जाऊन ओरडला. त्यानं नाव घेतलं. जन्मात कुणापुढे न उच्चारलेलं ते नाव तो त्या परक्या ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि रोझलिन ते पहिल्यांदाच ऐकत होती. मामा शेजारी बसवून हळूच कानात सांगेल, असं तिला लहानपणापासून वाटत आलं होतं.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, कानाशी हात नेला. समजलं नाही, म्हणून मान हलवली. मग म्हाताऱ्याला लागू नये म्हणून त्याला हातानं बाजूला व्हायला सांगितलं, आणि इंजिन पुन्हा सुरू केलं.