वावदखेड्याचे विजेते आणि आठवं पाकीट

“दोन हजार अठरा!” महाराजांच्या चेल्याने, लोटूने, माइकवर बोंब मारली.

“तुफान!” मांडवातली तीनशे माणसं एका सुरात ओरडली.

लोटूने टपालाचं पाकीट कडेने कात्रीने कापलं, आतली चिठ्ठी काढली आणि चारी दिशांना फिरवून दाखवली. चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘तुफान’. बायकांनी हात जोडले, बाप्यांनी मोबाइल वर धरले, आणि लाकडी घोड्यावर खोगीर टाकून बसलेले वायुवेग महाराज डोळे मिटून हळूच खिंकाळले. अगदी खरोखर खिंकाळले. मी शेवटच्या रांगेत होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

हे कशाबद्दल चाललं होतं ते आधी सांगतो. आमच्या डिंडोली या उपनगरातली निम्मी माणसं खानदेशातली, आणि त्यातली बरीचशी तापीकाठच्या वावदखेड्याच्या आसपासची. वावदखेड्याला दर डिसेंबरात जत्रा भरते आणि जत्रेत घोड्यांची शर्यत होते. इथे कापडाच्या लूमवर बारा बारा तास उभे राहणारे लोक दिवाळीला एक वेळ सुट्टी मागणार नाहीत, पण शर्यतीसाठी शेठशी भांडतील. कोणत्या वर्षी कोणता घोडा जिंकला, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. आणि महाराजांचा दावा असा, की गेली सात वर्षं ते डिंडोलीतल्या एका खोलीत मौन धरून बसले होते, दरवर्षी शर्यतीच्या पंधरा दिवस आधी जिंकणाऱ्या घोड्याचं नाव लिहून टपालाने स्वतःलाच पाठवत होते, आणि ती पाकिटं आज पहिल्यांदा फुटत होती.

एकोणीसला मोरणी निघाली. मग लोटूने आवाज खाली आणला. “दोन हजार वीस!”

लोक एकमेकांकडे बघू लागले. त्या वर्षी कोरोना होता, जत्राच भरली नव्हती. लोटूने पाकीट कापलं. आत कोरा कागद.

मांडवात जो गलका झाला तो विचारू नका. एक म्हातारी तर रडायलाच लागली. शर्यत होणार नाही हेसुद्धा महाराजांना आधी कळलं होतं! मला आता वाटतं, त्या सात कागदांमध्ये तोच एक कागद प्रामाणिक होता.

“शिक्का जुओ! तारीख जुओ!” महाराज हिंदी, गुजराती आणि मराठीची खिचडी करून बोलत. “माझ्यावर विश्वास नको बेटा. सरकारवर ठेव! भारत सरकारनी मोहर झूठ बोलेगी?”

इथे मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकलो. कारण मी विजय, टपाल कचेरीतला कारकून, आणि पाकिटांच्या पाठीवर पत्र पोचल्याचा जो गोल शिक्का होता तो मीच मारलेला. ही पद्धत आता जवळपास बंद पडली आहे. मी मात्र अजूनही शिक्का मारतो, तोही बरोबर झाकणाच्या टोकावर. म्हणजे अर्धा गोल झाकणावर, अर्धा पाकिटावर. कुणी मधे पाकीट उघडलं तर दोन अर्धे पुन्हा नीट जुळत नाहीत. माझ्या पहिल्या साहेबांनी असंच शिकवलं होतं. कचेरीतली नवी मुलं मला हसतात.

विजेत्यांची यादी संपली. वीस वगळून सगळे घोडे बरोबर, आणि वीस सगळ्यांत बरोबर. मग महाराजांनी लाल कापडात बांधलेलं आठवं पाकीट छातीशी धरलं. या वर्षाचं. शर्यत अजून अकरा दिवसांवर होती. ते शर्यतीनंतर फुटायचं. पुढच्या रविवारपर्यंत दर्शन चालू, सात पाकिटं काचेच्या पेटीत. आणि पुढच्या रविवारी अश्वशक्तीने रोगनिवारण.

हे रोगनिवारण ऐकून मी उठणार होतो, तेवढ्यात महाराजांनी बोट दाखवलं ते सुकदेवच्या पोरीकडे.

सुकदेव माझा शेजारी. लूमवर काम करतो. त्याची बायको मंगलाबाई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवते. मुलगी नूतन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लहानपणापासून फिट येत. आधी तिला चपला हुंगवल्या, कांदा हुंगवला, मग एका डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या. गेली दोन वर्षं तिला एकही फिट आली नव्हती.

“या गोळ्या,” महाराज म्हणाले, “पोरीच्या अश्वशक्तीला लगाम घालतात! रविवारी सगळ्या गोळ्या तापीमाईला अर्पण. बदल्यात आमच्या घोड्याच्या शेपटीचा केस, दंडाला बांधायचा.”

“कोणता घोडा?” मी विचारलं. “हा तर लाकडी आहे.”

माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्या संध्याकाळी मी सुकदेवकडे गेलो. गोळ्या एकदम बंद केल्या तर पूर्वीपेक्षा जोरात फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्यादेखत सांगितलं होतं. मी आठवण करून दिली.

“डॉक्टरना कागदवर बी शिक्का शे,” सुकदेव म्हणाला, “पण महाराजना कागदवर सरकारना शिक्का शे. आनि तो तुम्हनाच शे ना भाऊ? तुम्ही खोटा मारा का?”

“शिक्का खरा आहे रे. पण...”

“मंग झालं ना! आधार, रेशन कार्ड, भाडानी चिठ्ठी, बठ्ठं शिक्कावर चालस. तीन वर्ष रेशन कार्डसाठी फिरनू, कसाले? शिक्का नव्हता म्हनीसन.”

परक्या शहरात येऊन ज्याने शिक्क्यासाठी खिडक्या-खिडक्यांवर रांगा लावल्या, त्याला शिक्का म्हणजे देवच. आणि तो शिक्का मारणारा पुजारी कोण, तर मी. नूतन कोपऱ्यात बसून आईला साड्यांवर टिकल्या चिकटवू लागत होती. ती एवढंच म्हणाली, “काका, मला पुन्हा रस्त्यात पडायचं नाहीये.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको, सरला, म्हणाली, “तोंड पाडून बसण्यापेक्षा तुमचे शिक्के नीट बघून तरी या. तीस वर्षं मारताय, कधी बघितलेत का?”

टोमणा लागला. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर मी दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. पेटीपाशी आलो, काचेला नाक लावलं आणि मला हसूच फुटलं. मागच्या बाईने मला धक्का दिला, “भक्तीने बघा की!” मी इतक्या भक्तीने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

सातही पाकिटांवर माझा शिक्का अर्धाच होता. वरचा अर्धा गोल चिकटवलेल्या झाकणाखाली गेला होता.

मी मंगळवारी एक काम केलं. पाच रुपयांचं तिकीट लावून स्वतःच्याच नावाने एक पाकीट टपालपेटीत टाकलं. गुरुवारी ते आलं, मी त्यावर रोजच्यासारखा शिक्का मारला आणि घरी नेलं. शनिवारी मंगलाबाईंकडून टिकल्या चिकटवायचा थोडा गोंद मागून आणला. “कसाले पाहिजे?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “चमत्कार करायचाय.” त्या हसल्या.

रविवारी मांडव गच्च भरला. पुढे ताटात नूतनच्या गोळ्यांच्या पट्ट्या ठेवलेल्या, वर हळदकुंकू. महाराजांनी आज हिरवा फेटा बांधला होता. आल्या आल्या त्यांना तीन शिंका आल्या. मग माइक बंद पडला, लोटूने तो बदडला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद पडला. मी मागे बसून कागदावर काहीतरी खरडत होतो.

माइक तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर मी पुढे गेलो. “महाराज, मलाही सिद्धी झाली आहे. परवानगी द्या.”

टपालवाला स्वतःच आला म्हटल्यावर महाराज खूश झाले. मी पाकीट सुकदेवच्या हातात दिलं. “तारीख वाच.”

“गुरुवारनी शे,” सुकदेव म्हणाला. “टपालना शिक्का.”

“आता फोड.”

त्याने पाकीट कडेने फाडलं आणि अडखळत वाचू लागला. “रविवारी महाराज हिरवा फेटा बांधतील. त्यांना तीन शिंका येतील. माइक दोनदा बंद पडेल.”

मग “टपालबाबा की जय!” अशी आरोळी उठली आणि लोक माझ्या पाया पडायला धावले. मी उड्या मारत मागे सरलो. कुणीतरी माझ्या गळ्यात महाराजांसाठी आणलेला हार घातला. लोटूसुद्धा वाकला, मग महाराजांनी डोळे वटारले तसा सरळ झाला.

सुकदेवच्या डोळ्यांत पाणी होतं. “भाऊ, आते तुम्हीच सांगा. गोया फेकू का नको?”

खरं सांगतो, मोह झाला. ‘नको’ एवढंच म्हणायचं होतं. टपालबाबांची आज्ञा म्हणून त्याने ती जन्मभर पाळली असती, आणि मला हारही मिळाला होता. पण उद्या तिसरा कुणी बाबा आला असता तर? मी हार काढला.

तेवढ्यात मंगलाबाईंनी ते पाकीट नाकाला लावलं. “अहो, हाऊ तं मना गोंद शे!”

“तुमचाच आहे,” मी म्हणालो. “पाकीट मी रिकामं पाठवलं होतं, झाकण आत खोचून, लग्नपत्रिका पाठवतो तसं. चिठ्ठी आत्ता, मागे बसून लिहिली आणि झाकण आत्ता चिकटवलं. शिक्का गुरुवारचा खरा आहे. फक्त तो चिठ्ठीच्या आधीचा आहे.”

नूतनने पाकीट उलटं केलं. “काका, शिक्का अर्धाच दिसतोय.”

“मी मारला तेव्हा झाकण आत होतं, म्हणून सगळा गोल पाकिटावर बसला. नंतर झाकण बाहेर काढून चिकटवलं, की अर्धा झाकला गेला. बंद पाकीट आलं असतं तर वरचा अर्धा गोल झाकणावर दिसला असता. आता पेटीतली सात बघ.”

ती काचेपाशी गेली. बघता बघता निम्मा मांडव काचेपाशी गेला. सात पाकिटं, सात अर्धे शिक्के. माणसं एकमेकांना दाखवू लागली.

“ये तो नकली है!” महाराज गरजले. “टपालवाल्याची चाल! आमची पाकिटं समाधीतली. संशय घेणाऱ्याच्या घरी घोडे लाथा मारतील!”

“मग सोपं आहे,” नूतन म्हणाली. “शर्यत गुरुवारी आहे. या वर्षीचं नाव आत्ताच दाखवा ना. लाल कापडातलं.”

“बंधन आहे, बेटा! शर्यतीआधी उघडलं तर घोडा रुसेल.”

“रुसू दे,” सुकदेव म्हणाला. हे त्याच्या तोंडून आलं याचं मला सगळ्यांत नवल वाटलं. तो पुढे झाला आणि त्याने लाल कापडाची गाठ सोडली. महाराज घोड्यावरून उतरू लागले, पण त्यांचा पाय रिकिबीत अडकला आणि ते घोड्यासकट आडवे झाले.

पाकीट बाहेर आलं. पुढे महाराजांचं नाव. पाठीवर माझा शिक्का, अख्खा, वाटोळा. झाकण आत खोचलेलं. सुकदेवने ते उलटं करून झटकलं, आत फुंकर मारली, मग आपल्या मुलीला दाखवलं.

आत काही नव्हतं.

वावदखेड्याची शर्यत अजून धावायची होती, म्हणून पाकीट रिकामं होतं. वर्षाला पाच रुपये गुंतवून सात वर्षं दम धरणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. एवढ्या चिकाटीने तो कुठेही प्रामाणिक काम करू शकला असता. लोक त्याला शोधू लागले तेव्हा लाकडी घोडा तेवढा पडलेला होता, आणि लोटू शपथेवर सांगत होता की आपण फक्त माइकवाले.

मी घरी गेलो नाही. मी माइक घेतला आणि जे मला आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. बाबांनो, सरकारचा शिक्का खोटा नसतो, पण शिक्का फक्त पाकीट कधी आलं ते सांगतो. आत काय होतं ते सांगत नाही. झालेल्या शर्यतीचा घोडा कुणीही सांगेल. कुणी भविष्य सांगू लागला तर एकच करा, घोडे धावायच्या आधी चिठ्ठी उघडून मागा. आणि औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. त्यांचं पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, पण लाकडी घोड्याला विचारू नका. माझंही ऐकून घ्या आणि तपासून पाहा, मी आत्ताच तुम्हाला फसवलं आहे.

सुकदेव ताटापाशी बसला होता. तो गोळ्यांच्या पट्ट्यांवरचं हळदकुंकू शर्टाच्या बाहीने पुसत होता, एकेक पट्टी सावकाश. पुसून झालेल्या पट्ट्या त्याने मुलीच्या हातात दिल्या.

“आजनी लिधी का?” त्याने विचारलं.

“नाही,” नूतन म्हणाली. “तुम्ही सकाळीच ताटात ठेवल्या होत्या.”

मंगलाबाई पाणी आणायला धावल्या. नूतनने तीनशे माणसांसमोर गोळी जिभेवर ठेवली आणि गिळली.