माझ्या पोटावरचे ठिगळ

मित्रांनो, मी एक जुना भाता आहे. भाता म्हणजे काय, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे! लोहाराच्या भट्टीला वारा घालणारा मी. वर-खाली दोन लाकडी फळ्या, मध्ये चामड्याचे पोट, पुढे लोखंडी तोंड आणि मागे एक लांब दांडी. दांडी वर गेली की मी श्वास घेतो, खाली आली की सोडतो. उभ्या जन्मात मी दुसरे काही केले नाही. पण एकदाच माझा श्वास भट्टीत न जाता एका माणसाच्या छातीत गेला. त्या दिवसाची हकीकत मला सांगायची आहे.

मला आमच्या लोहाराच्या वडिलांनी बनवले. माझी वरची फळी प्रार्थनामंदिरातल्या एका मोडक्या बाकाची आहे, त्यामुळे माझ्या अंगात थोडी भक्ती आधीपासूनच असावी. दुकानात येणारे लोक कौतुक मात्र ऐरणीचेच करायचे. "काय ऐरण आहे!" म्हणून तिच्यावर हात फिरवायचे. ती नुसती मार खात बसते, राबतो मी, हे कोणाच्या लक्षातही यायचे नाही.

लोहाराला ते कळत असे. तो माझी दांडी दाबताना प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणायचा. एका दाबाला एक ओळ. प्रार्थना तीनदा झाली की लोखंड लालबुंद व्हायचे. दुसऱ्या लोहारांकडे घड्याळ असेल, आमच्याकडे प्रार्थना होती. त्या ओळी मला इतक्या पाठ झाल्या की पुढच्या ओळीला किती जोर लागणार, हे मला आधीच कळायचे.

त्याला एकच मुलगा होता. मुलाला भट्टीची धग सोसवेना, म्हणून तो विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत गेला. टोळीचा मुकादम लोहाराचा लहानपणापासूनचा मित्र. दोघे प्रार्थनामंदिरात एकाच बाकावर बसायचे. मुलगा रोज सकाळी खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून निघायचा आणि जाता जाता माझ्या पोटावर एक थाप मारायचा. मला ते आवडायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

एके दिवशी विहिरीत उतरताना त्याने मुकादमाला दाखवले, की दोर झिजलाय. मुकादम घाईत होता. तो म्हणाला, "चालेल आजचा दिवस. उद्या नवा लावू." दोर तुटला. संध्याकाळी घरी परत आली ती फक्त त्याची पिशवी.

हे शब्द कोणी चोरून ऐकले नव्हते. मुकादमाने स्वतःच चारचौघांत सांगितले, रडत सांगितले. लोहाराने ते ऐकून घेतले आणि पाठ फिरवली.

त्यानंतर चार वर्षे आमच्या दुकानात एक ओळ कमी म्हटली गेली. प्रार्थनेत एक जागा येते. आम्ही इतरांना जशी क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, असे तिथे मागायचे असते. तिथे आला की लोहार गप्प व्हायचा. दांडी वर गेलेली असायची, माझे पोट टम्म फुगलेले, आणि हात तसाच थांबलेला. मग तो पुढच्या ओळीवर जायचा. भट्टीतले निखारे तेवढ्यापुरते मंद व्हायचे, बाकी कोणाला काही कळायचे नाही. माझे मात्र पोट दुखायचे.

मुकादम एकदा माफी मागायला आला. उंबऱ्याबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला. लोहाराने वर पाहिले नाही. ऐरणीवरचे लोखंड केव्हाच थंड झाले होते, तरी तो ते ठोकत राहिला. मुकादम गेल्यावरच हातोडा थांबला.

प्रार्थनामंदिरातले पाळक समजावायला आले. म्हणाले, "अहो, प्रभूने वधस्तंभावर खिळणाऱ्यांनाही क्षमा केली. क्षमेनं आधी तुम्हीच मोकळे व्हाल."

"मी मोकळा झालो तर माझा मुलगा परत येईल का?" लोहाराने विचारले. "नाही," पाळक म्हणाले. प्रामाणिक माणूस होते ते.

मुलाची पिशवी लोहाराने माझ्या समोरच्या खुंटीला टांगली होती. तिला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. दर रविवारी उपासनेहून आला की तो तिला तेल चोळत बसे. चोळताना त्याचा चेहरा मऊ होण्याऐवजी घट्टच होत जाई. ती पिशवी लोण्यासारखी मऊ राहिली, आणि इकडे माझे पोट सुकून पापडासारखे झाले. खोटे कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. माझ्या वाट्याचे तेल ती पीत होती.

लोहाराच्या बायकोने ते पाहिले. सगळे त्यांना काकू म्हणत. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, भात्याच्या घडीला चीर पडलीय. पिशवीच्या तेलातलं बोटभर इकडे लावा की. नाहीतर नवं चामडं तरी आणा."

"चालेल गं आजचा दिवस," लोहार म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्याला मात्र आपण काय बोललो याचा पत्ताही नव्हता. महिनाभर तो रोज तेच म्हणत राहिला.

आणि मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती. भट्टी नुकतीच पेटली होती. मुकादमाची लेक धावत आली, चिखलाने भरलेली, अनवाणी.

"काका, भाता द्या! शाळेमागची विहीर ढासळली. बाबा खाली आहेत."

लोहाराच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"जिवंत आहेत," ती धापा टाकत म्हणाली. "फळ्या आडव्या पडल्यात, त्यांच्याखाली अडकलेत. पाणी उपसायचा पाइप तळापर्यंत गेलाय, त्यावर आतून ठोकतायत. पण हवा नाही, काका. माती काढायला दिवस जाईल. तोवर पाइपमधून वारा द्यायला हवा."

"तो का उतरला?" लोहाराने कोरडेपणाने विचारले. "मुकादम वर असतो."

"तुमचा दादा गेल्यापासून बाबा दुसऱ्या कोणाला आधी उतरू देत नाहीत. जागा पक्की आहे का, ते स्वतः उतरून बघतात. रोज."

लोहाराने चिमटा खाली ठेवला. माझ्या तोंडाशी निखारे तडतडत होते. शेवटी तो म्हणाला, "भाता घेऊन जा. मी येणार नाही."

तेव्हा काकू पुढे आल्या. "हा भाता तुमच्याच हाताला ऐकतो, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. नुसता भाता देऊन वर हात झटकू नका."

मला हातगाडीवर घातले. लोहार मागून चालत होता, पण त्याची पावले मोजून मापून पडत होती.

विहिरीवर नुसता गोंधळ होता. टोळीतली माणसे हळूहळू माती उपसत होती, कारण घाई केली की आणखी ढासळत होती. माझे तोंड पाइपला जोडून वर ओले फडके आवळले. एका धिप्पाड गड्याने माझी दांडी धरली आणि दोन दाबांतच जोड उडवला. लोहार ओरडला, "सोड! वैरण कापतोयस का?" आणि त्याने दांडी हातात घेतली.

मित्रांनो, भट्टी मागते तेवढा वारा मी आयुष्यभर दिला. पण तिथे पाइपच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. मी श्वास सोडला की खालून ठोका येई, थेट माझ्या तोंडावर. टक. म्हणजे मिळाला. पुन्हा दाब, पुन्हा टक. माझा जीव तोंडाशी आला होता.

सवयीने लोहाराच्या ओठांवर प्रार्थना आली. एका दाबाला एक ओळ. आणि ती जागा आली. दांडी वर गेली, माझे पोट फुगले, आणि हात थांबला.

खालून ठोका नाही. मग एकदम टक टक टक टक, घाबरलेले, वेडेवाकडे. मुकादमाची लेक किंचाळली, "काका!"

लोहाराने दचकून दांडी दाबली. ठोके पुन्हा सावकाश झाले. पण प्रार्थना फिरून फिरून त्याच जागी यायची, दर वेळी हात अडखळायचा आणि खालचा माणूस दर वेळी घाबरायचा. लोहाराने प्रार्थना सोडून आकडे मोजून पाहिले. चार-पाच दाबांत ताल बिघडला. त्याच्या हातांना दुसरे गणित येतच नव्हते. घाम त्याच्या नाकावरून माझ्या फळीवर गळत होता. दुपार झाली, तळहातांना फोड येऊन फुटले, तरी त्याने दांडी कोणाला दिली नाही.

आणि मग माझे पोट फाटले. महिनाभराची ती चीर टर्रकन उसवली. दांडी खाली आली, पण वारा सगळा बाजूने गेला. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एकदाच कोणाच्या उपयोगी पडायचे होते आणि मी तोंडघशी पडलो.

लोहाराने फाटलेल्या जागेवर तळहात दाबला. काकू त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी दूषण दिले नाही. त्यानेच स्वतःशी म्हटले, अगदी हळू, "चालेल आजचा दिवस." आपलेच शब्द आपल्या कानांवर पडले तसा त्याचा चेहरा पांढराफटक झाला. कोणाचे शब्द ते, हे त्याला आत्ता ओळखू आले.

खालचे ठोके विरळ होत चालले होते.

"खुंटीवरची पिशवी आण," तो काकूंना म्हणाला.

"कुठली?" काकूंनी विचारले. खुंटीवर एकच पिशवी होती.

"तीच. सुरी, खिळे आणि हातोडाही आण. पळ."

दुकान जवळच होते. काकू धावत जाऊन सगळे घेऊन आल्या. लोहाराने मला पाइपपासून सोडवले. तेव्हा काकूंनी गुडघे टेकून पाइपला तोंड लावले आणि फुंकायला सुरुवात केली. त्यांचा दम संपला की मुकादमाची लेक फुंकायची, मग पुन्हा काकू. ज्याच्या दोरामुळे त्यांचा मुलगा गेला, त्याला त्या आपला श्वास पुरवत होत्या.

लोहाराने पिशवी मांडीवर घेतली. चार वर्षे तेल पिऊन ती रेशमासारखी झाली होती. त्याने तिच्यावरून एकदा हात फिरवला, आणि सुरी लावली. हात सरळ चालला. त्याने ते चामडे माझ्या पोटावर ताणले आणि एकामागून एक खिळे मारले. मला दुखले का? दुखले. पण ज्या मुलाची थाप मला रोज मिळायची, त्याची पिशवी आता माझ्या अंगाला चिकटली होती. तिचा हेवा त्या क्षणी संपला.

मला पुन्हा जोडले. पहिला दाब. सगळे कान देऊन उभे राहिले. खालून काही नाही. दुसरा दाब. तिसरा. मग लांबून, अगदी क्षीण... टक.

लोहाराने प्रार्थना सुरू केली, या वेळी मोठ्याने. ती जागा आली. दांडी वर गेली. माझे पोट फुगले, नवे ठिगळ ताणले गेले. मी वाट पाहिली.

त्याने ती ओळ म्हटली. आवाज फाटला, शब्द अर्धे गिळले गेले, पण ओळ पूर्ण झाली आणि दांडी खाली आली. चार वर्षे माझ्या पोटात अडकलेला वारा निघून गेल्यासारखे मला वाटले. खालून लगेच उत्तर आले. लोहार रडत होता आणि दाबत होता. त्यानंतर त्याने ती प्रार्थना किती वेळा म्हटली असेल, कोण जाणे. एकही दाब चुकला नाही.

दिवस कलताना मुकादमाला वर काढले. एक पाय मोडला होता, अंगावर मातीचा थर होता. डोळे उघडताच त्याने विचारले, "वर कोण होतं?"

"मी होतो," लोहार म्हणाला.

मुकादम म्हणाला, "मधेच एक श्वास चुकायचा. मला वाटलं, संपलं. नंतर मग चुकला नाही."

लोहार त्याच्याजवळ बसला. आपले सोललेले हात त्याने मांडीवर ठेवले. "भात्याचं चामडं महिन्यापासून फाटत होतं," तो म्हणाला. "ही रोज सांगायची. मी म्हणायचो, चालेल आजचा दिवस. तू आज माझ्या हातून मेला असतास रे."

मुकादमाने तोंड झाकून घेतले आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. लोहाराने त्याचे डोके आपल्या खांद्यावर घेतले.

आता आमच्या भट्टीवर विजेचा पंखा आहे. तो गुरगुरतो फार, पण प्रार्थना त्याला एकही येत नाही. मी कोपऱ्यात असतो, रिकाम्या खुंटीखाली. रोजचे काम गेले म्हणून मी रुसलेलो नाही. मित्रांनो, मला सांगायचे आहे ते एवढेच. तुमच्या घरात जे झिजते आहे, त्याच्याकडे आजच बघा. दोर असो, चामडे असो, नाहीतर दोन माणसांतला अबोला असो. आणि खुंटीला टांगून जपलेला राग असेल, तर तो खाली काढा. त्याला घातलेले तेल दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे असते.

रविवारी उपासना संपली की मुकादम काठी टेकत लोहाराबरोबर दुकानात येतो. आता ते पुन्हा एकाच बाकावर बसतात, असे काकू सांगतात. मुकादम तेलाची वाटी घेऊन माझ्या पोटाला तेल चोळतो. ठिगळापाशी आला की त्याची बोटे थांबतात. लोहार शेजारीच उभा असतो. प्रत्येक रविवारी तो तेच म्हणतो.

"थांबू नकोस. तिथं जरा जास्त लाव."