पूजेला लावलेले वीस टॅब

बंद वस्तूची पूजा करायची नाही, ही आमच्या दुकानाची रीत. वडील कवठे महांकाळात रेडिओ विकायचे. दसऱ्याला फळीवरचा प्रत्येक रेडिओ चालू करायचे आणि मगच झेंडू वाहायचे. मी, जवाहर, तेच करत आलो.

यंदा वीस टॅब होते. हौसेनं घेतलेले नव्हते. कंपनीचा साईराज सांगलीहून येऊन म्हणाला होता, "खपणारे फोन पायजेत न्हवं, अण्णा? मग टॅबबी उचला." खरेदी तेरा हजार दोनशे, विक्री तेरा हजार नऊशे. टॅबमागं सातशे रुपये सुटणार, त्यात भाडं, वीज, वर गिऱ्हाईक म्हणणार, कव्हर फुकट द्या की. ह्याला धंदा म्हणणाऱ्यानं एक महिना माझ्या गल्ल्यावर बसून दाखवावं.

दसऱ्याला सकाळी बायकोनं, शालननं, वीसही खोकी उघडली. मी टॅब ओळीनं मांडून यंदा पहिल्यांदाच वायफायला जोडले. वीस पडदे एकदम उजळले. हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. लय झ्याक दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी रिटायर सुभेदार धनाजी आले. दोन नातींसाठी दोन टॅब त्यांनी आधीच बोलून ठेवलेले. खुर्चीत बसून त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला.

"अण्णा, हितं ऑनलाइन अकरा हजार पाचशेला हाय."

"कालपर्यंत नव्हता."

"आज हाय न्हवं? तेवढ्याला द्या."

"सुभेदार, मलाच तेरा-दोनशेला पडलाय."

"आमी बॉर्डरवर गोळ्या झेलल्या, तुमी दोन हजार झेला की!" हसले. मग टॅब उलटा केला. "आन् ह्याला कुकू कसलं? वापरलेला हाय व्हय?"

उठले आणि गेले.

भाव उतरला की दुकानात पडून असलेल्या मालाचा फरक कंपनी भरून देते. त्या भरवशावरच आम्ही माल भरतो. साईराजला फोन लावला.

"अण्णा, तुमच्याकडं शिल्लक शून्य दाखवतंय."

"शून्य? वीसच्या वीस माझ्यापुढं हायेत!"

"नेटला जोडून चालू केले काय? चालू झाला की कंपनीच्या लेखी तो विकला."

"अरं, पूजा केली रं!"

"कॉम्प्युटरला पूजा कळत न्हाई, अण्णा. माझ्या हातात काय हाय?"

त्याच्या हातात नाही, माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे तो कुठं बसतो, हे तीस वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही. भाव तो पाडतो, झळ आम्ही सोसतो.

चार दिवसांनी दारात टेम्पो थांबला. आणखी वीस टॅब. मागोमाग साईराजचा फोन.

"अभिनंदन, अण्णा! एका दिवसात वीस टॅब विकणारं तालुक्यात तुमचंच दुकान. म्हणून वरनं आपोआप माल सुटलाय. परत पाठवू नका, फोनचा माल तोडतील."

शालन म्हणाली, "आवं, जुने अजून फळीवर हायेत. हे ठेवायचे कुठं?"

मी एका टॅबवरचं कुंकू फडक्यानं पुसत होतो. ते काठाच्या फटीत गेलेलं, निघत नव्हतं.

टेम्पोवाला घाई करत होता. त्यानं कागद पुढं केला. मी सही केली.