वीस मिनिटांची डुलकी

"नाव सांग, गाव सांग, कोनाचा पाहुना सांग, मंगच पाय आत टाक!"

राइस मिलच्या गेटवर बाबा हे म्हणायचे, दळताना बाया ओवी म्हणतात तशा चालीत. मी शाळेत असताना दुपारचा डबा घेऊन जायची, तर मलाही सोडायचे नाहीत.

"नाव?"

"संघमित्रा."

"गाव?"

"तुमच्याच घरचं."

"मंग पाहुनी नाही, चोरच हायेस. ये."

आता मीही राखणच करते, बालाघाटातल्या आमच्या घरच्या मागच्या खोलीत, कूलरसमोर बसून. पुण्याची कंपनी पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर बनवते. तिकडून नवी आवृत्ती आली की ती शेकडो ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर चढवायची, आणि कुठं बंद पडली तर पुन्हा चालू करायची, हे माझं काम. त्याला डेव्हऑप्स म्हणतात. गल्लीत त्याला 'कॅमेऱ्यात पाहनं' म्हणतात. परवा तुळसाबाई आल्या, "बाई, माही बकरी कोनीकडं गेली, पाह्य ना जरा."

बाबांची नोकरी मागच्या वर्षी गेली. तेव्हापासून ते माझ्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतात. येईल त्याला अडवतात, "नाव सांग, गाव सांग. पोरीची मीटिंग चालू हाय." आईच्या कुकरची शिट्टी झाली की गॅस बंद करायला धावतात. आणि वीस मिनिटांत गमछा तोंडावर घेऊन घोरायला लागतात. मीटिंगमध्ये पुण्याचे यशोधन सर विचारतात, "संघमित्रा, तुमच्याकडे गिरणी आहे का?"

याच डुलकीनं नोकरी खाल्ली. कोणीतरी मालकाला सांगितलं. कोणी, तर चैतराम मुनिमानं, असं बाबांनी ठरवून टाकलं. गेटसमोरच त्याची गादी, अठरा वर्षं दोघं एका कपातला चहा दोन बशांत प्यायचे. आता चैतरामकाका दिसले की बाबा रस्त्याची बाजू बदलतात. एकदा तर नालीत उतरले.

मला मात्र ठाऊक होतं. त्या आठवड्यात नवी आवृत्ती आली होती: पहारेकरी वीस मिनिटं हलला नाही, तर मालकाच्या मोबाइलवर निरोप जाणार. नवं काही आलं की आम्ही आधी चार-पाच गिऱ्हाइकांवर चालवून पाहतो. बाबांच्या मिलवरही आमचेच कॅमेरे; यादीतून मी तीच निवडली. का, तर काही बिघडलंच तर स्कूटीवर जाऊन बघता येईल! शेकडो गिऱ्हाइकांतून मला घराजवळचं सुचलं. दुपारी अडीचला पहिला निरोप गेला. कॅमेऱ्याला डोळा आहे, पापणी नाही. दुपारच्या झोपेची गोडी त्याला काय कळणार?

काल दुपारी चैतरामकाका पत्रिका घेऊन आले.

"डोमाजीभाऊ, आमच्या समीक्षाचं लगन हाय. तुमी नसान तं मांडव सुना लागन."

बाबा आईकडं तोंड करून म्हणाले, "जिजा, सांग त्याले. मालकाले जाऊन सांगाची सवय हाय ना, पत्रिकाही तिकडंच दे म्हनाव."

"म्या नाही सांगतलं, भाऊ. पोरीची आन."

"आन नको घेऊ. लगन हाय तिचं."

आई म्हणाली, "दोघंही येडे हायत," आणि पाणी आणायला गेली.

काका हसले नाहीत. पत्रिका ओट्यावर ठेवली, वर एक खडा ठेवला, उडू नये म्हणून. मग चपला शोधायला लागले. सापडलेल्या चपलाही पुन्हा शोधत होते.

मी खोलीतून हे पाहत होते, हेडफोनमध्ये यशोधन सर विचारत होते, "नवीन व्हर्जन अडकतंय. जुनं परत बसवू या का?" आमच्या कामात ही मोठी सोय. चुकलं की दोन मिनिटांत मागचं जागेवर. घरात तसलं बटण कुठं असतं?

"एक मिनिट, सर," म्हटलं आणि बाहेर धावले. माईक बंद करायचा राहिला, तो राहिलाच. काका फाटकाबाहेर पाय टाकत होते. मी आडवी उभी राहिले.

बाबा खुर्चीतून ओरडले, "कोन हाय फाटकात? मीटिंग सोडून काहून आली?"

"नाव संघमित्रा, गाव तुमच्याच घरचं," मी म्हटलं. "बाबा, काकाले बसवा. तुमी झोपले, हे मालकाले त्या कॅमेऱ्यानं सांगतलं. अन् त्या कॅमेऱ्याले सांगाले म्या शिकवलं."