वाकलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी फाटक आहे, कपडे शिवणाऱ्या कारखान्याचं. ज्या वेल्डरनं मला घडवलं तो सांगायचा, हत्ती धडकला तरी हे हलायचं नाही. हत्ती काही कधी आला नाही.

उघडायचं आणि मिटायचं, हेच माझं काम. सुरुवातीला दरवर्षी रंग मिळायचा, पाहुणे कौतुकानं बघायचे. पुढे रंग उडाला, बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, पण लक्ष कोण देतो! कामगारांचंही कोणी ऐकत नव्हतं, म्हणून मी मनाला लावून घेतलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. काम चालू असताना मागच्या दाराला कुलूप घालू नका, आग लागली तर पळायचं कुठून? एका सकाळी ते काम बंद ठेवून मला पाठ टेकून रस्त्यावर बसले. पोलीस आले, लाठ्या चालल्या. त्या पळापळीतच आतून मालाचा ट्रक सुसाट आला आणि माझ्यावर आदळला. माझे गज रस्त्याच्या बाजूला वाकले. काजं-बटणं करणारी ताई मला टेकून बसली होती, ती जागीच गेली. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

गुन्हा मात्र तिच्या भावावर आला. जमाव घेऊन त्यानंच बाहेरून फाटक तोडलं, असं कारखान्याच्या साहेबांनी पोलिसांना सांगितलं. तो तुरुंगात आहे.

मग साहेबांनी मला सरळ करायला त्याच वेल्डरला बोलावलं. आता तो म्हातारा झालाय. त्या बहीणभावांची आई तिथंच उभी होती. तिनं माझ्या गजांवरून हात फिरवला.

"दादा, माझ्या लेकानं ढकललं असतं तर हे आत गेलं असतं. गेलंय कुठं, तुम्हीच बघा."

वेल्डरनं बघितलं. आपलं मशीन बिघडलंय, असं साहेबांना सांगून तो चालता झाला. मशीन अगदी ठणठणीत होतं.

सोमवारी कोर्टाची माणसं पाहणीला येणार आहेत. साहेब दुसरा वेल्डर शोधताहेत. आई रोज डबा घेऊन येते आणि अंधार पडेपर्यंत माझ्यासमोर बसून राहते.

मित्रांनो, फाटकांची काळजी घ्यावी. बिजागऱ्यांना तेल द्यावं, गंज खरवडून रंग लावावा. मलाही ते सगळं हवंच आहे. पण सोमवारपर्यंत मला हात लावू नका. त्या माउलीची लेक गेली, निदान मुलगा तरी घरी येऊ दे. तोवर मला असंच वाकडं राहू द्या.